‘आपल्याकडे मिळत नाही’ : ॲनिमेच्या वादातले दोन शोधनिबंध नीट वाचताना

कुणाला एखादी ॲनिमे मालिका सुचवली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘कशी आहे?’ असं फार कमी जण विचारतात. बहुतेक जण विचारतात, ‘कुठे बघायची?’ आणि मग वाद पेटतो. एक म्हणतो, वर्गणी भर, चार पैसे कलाकारांपर्यंत जाऊ देत. दुसरा म्हणतो, आपल्याकडे मिळतच नाही तर वर्गणी कशाची भरू? तिसऱ्याने थोडंफार वाचलेलं असतं. तो म्हणतो, अरे, ॲनिमे अमेरिकेत पोचलं तेच मुळी कायदा मोडून, त्यावर संशोधन झालंय. चौथा सांगतो की पायरसीने विक्री वाढते, जपानमध्येच तसा अभ्यास झालाय.

आजची पोस्ट या तिसऱ्या आणि चौथ्याबद्दल आहे. ते ज्यांचा हवाला देतात ते दोन्ही शोधनिबंध खरे आहेत आणि दोन्ही वाचण्यासारखे आहेत. पण त्यांचे निष्कर्ष मूळ निबंधातून सुटून एकेकटे फिरताहेत, आणि पीएचडीच्या आराखड्यातही ते तसेच एका ओळीत, कंसात नाव-साल टाकून येऊन बसतात. निष्कर्ष कुठल्या परिस्थितीत निघाला होता हे मागेच राहतं. फॅन मंडळींना ते चालेल, त्यांना वाद जिंकायचा असतो. आपल्याला चालणार नाही.

पहिला निबंध शॉन लिओनार्ड यांचा, २००५ सालचा, ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कल्चरल स्टडीज’मधला. नाव ‘प्रोग्रेस अगेन्स्ट द लॉ’, म्हणजे कायद्याच्या विरोधात जाऊन झालेली प्रगती. नावातच भूमिका आहे.

गोष्ट अशी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आले. जपान आणि अमेरिका, दोन्हीकडे टीव्हीची एनटीएससी पद्धत, त्यामुळे टोकियोत रेकॉर्ड केलेली टेप लॉस एंजेलिसमध्ये सरळ चालायची. (भारतात पाल पद्धत. तीच टेप आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर धड दिसली नसती. एवढ्याशा तांत्रिक योगायोगावर सांस्कृतिक इतिहास टिकून असतो, आणि आपण मात्र ‘जागतिकीकरण’ म्हणून मोकळे होतो.) १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ नावाचा क्लब निघाला. जपानी कुणाला फारसं येत नसे, तरी लोक जमून बघायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमिगासारखा घरगुती संगणक आणि जेनलॉक नावाचं उपकरण यांच्या जोरावर चित्रावर अक्षरं चढवणं घरबसल्या शक्य झालं. फॅनसब, म्हणजे चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून सबटायटल लावलेली प्रत, ती इथून पसरली. त्याच काळात ॲनिमइगो (१९८८), मग ए. डी. व्हिजन (१९९२) अशा रीतसर परवाना घेऊन टेप विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या.

लिओनार्डचं म्हणणं असं की जपानी कंपन्यांना अमेरिकेत बाजार दिसत नव्हता तेव्हा तो फॅन लोकांनी तयार केला. हक्कधारक लक्ष देत नव्हते म्हणून एक मोकळी सामायिक जागा निर्माण झाली, तिथे प्रचार झाला, आणि पुढच्या कंपन्यांना तयार गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या संकल्पनेला मी मराठीत ‘प्रचाराचं गायरान’ म्हणते. गायरान कुणा एकाच्या मालकीचं नसतं, पण गुरं सगळ्यांची चरतात.

निबंधाचं बळ मला इथे वाटतं की तो ‘मागणी’ ही आधीपासून असलेली वस्तू धरत नाही. मागणी कुणीतरी घडवते, कष्ट घेऊन, स्वतःचे पैसे घालून घडवते, हे तो तारीखवार दाखवतो. अर्थशास्त्राच्या कितीतरी निबंधांना हे जमत नाही.

आता कमकुवत बाजू. लेखक स्वतः त्या वर्तुळातला, विद्यार्थी असताना अॅनिमे क्लब चालवणारा. यात वाईट काही नाही, आपल्यापैकी निम्मे जण स्वतःच्याच आवडीवर संशोधन करतात. पण आधार कोणाच्या आठवणींचा आहे ते बघा: जे शेवटपर्यंत टिकले, ज्यांच्यातले काही पुढे उद्योगात गेले, त्यांच्या. टेप विकून पैसे केले आणि नाहीसे झाले अशांच्या आठवणी कोण सांगणार? मुलाखतीवर आधारलेल्या इतिहासात जिंकलेल्या बाजूची स्मृती जास्त भरते. आणि ‘फॅनसब नसते तर काय झालं असतं’ याची तुलना करायला निबंधात दुसरा देश नाही. ती नसताना ‘फॅनसबमुळे बाजार उभा राहिला’ हे विधान एक पटणारी कथा म्हणून उरतं. कथा खरीही असेल. सिद्ध झालंय, असं मात्र म्हणता येत नाही.

याहून मोठी गोष्ट त्या काळातल्या फॅनसबच्या अलिखित नियमात आहे. टेपवर सूचना असायची की ही प्रत विक्रीसाठी नाही, आणि मालिकेला परवाना मिळाला की वाटप बंद करा. फॅन लोक आजही हा नियम अभिमानाने सांगतात. पण तो पाळला का जायचा, याचं उत्तर फक्त सचोटीत नाही. व्हीएचएस टेपची प्रत काढली की चित्र खराब होतं, प्रतीची प्रत काढली की आणखी खराब. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या टेपवर रंग पसरायचे, अक्षरं थरथरायची. त्यात कोरी टेप, टपालखर्च आणि आठवड्यांची वाट. मग कंपनीची स्वच्छ टेप आली की महाग असली तरी माणूस तिकडे वळायचा. म्हणजे नियमाला यंत्राचा टेकू होता.

२०००नंतर हा टेकू गेला. डिजिटल प्रत मूळासारखीच असते, बिटटोरंटने वाटप फुकट झालं, आणि जपानमध्ये भाग दाखवल्यावर काही दिवसांत, पुढे काही तासांत, सबटायटलसह फाइल हजर व्हायला लागली. डिसेंबर २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीच्या वतीने टोकियोच्या एका विधी कार्यालयाने काही फॅनसब गटांना आणि अशा फाइलींची यादी ठेवणाऱ्या ‘ॲनिमेसुकी’ला पत्रं पाठवली: आमच्या मालिका काढा. यात अमेरिकेत परवाना मिळालेला आहे की नाही हा मुद्दाच नव्हता. फॅन हादरले, कारण त्यांच्या नियमामागे एक न बोललेलं गृहीतक होतं, की जपानी मालक गप्प आहे म्हणजे त्याची हरकत नाही. पत्राने ते गृहीतकच काढून घेतलं.

लिओनार्डचा निबंध छापून आला तो यानंतर वर्षभराच्या आत. म्हणजे त्याने ज्या व्यवस्थेचं वर्णन केलं, ती निबंध वाचकाच्या हाती पडेपर्यंत मोडलेली होती. यात त्याचा दोष नाही, शोधनिबंध छापून यायला लागणारा वेळ आपण सगळेच जाणतो. दोष आहे तो २००५ सालचा निबंध आजच्या फुकट साइटच्या समर्थनार्थ टाकणाऱ्यांचा. टेप फिरवणारा खिशातून पैसे घालत होता. जाहिरातींवर चालणाऱ्या साइटचा मालक पैसे कमावतो आहे. दोघांना एकच ‘फॅन’ हा शब्द लावला की विश्लेषण तिथेच संपतं.

इथे कुणी क्रंचीरोलचं उदाहरण देईल, आणि द्यावंच. कॅलिफोर्नियात २००६ साली सुरू झालेली ही साइट आधी वापरकर्त्यांनी चढवलेल्या, परवाना नसलेल्या भागांवरच वाढली. २००८ मध्ये तिला भांडवली गुंतवणूक मिळाली तेव्हा रीतसर परवाना घेणाऱ्या कंपन्या संतापल्या. जानेवारी २००९ मध्ये साइटने परवाना नसलेला मजकूर काढला आणि टीव्ही टोकियोशी करार करून ‘नारुतो शिप्पुडेन’ अधिकृतपणे दाखवायला सुरुवात केली. पुढे २०२१ मध्ये सोनीच्या फ्युनिमेशनने ती सुमारे १.१७५ अब्ज डॉलरना घेतली. चोरवाट हमरस्त्याला लागली, असं म्हणायला हे उदाहरण फार सोयीचं. पण अशा किती साइट होत्या आणि त्यातल्या किती कायदेशीर झाल्या? एकच यशस्वी उदाहरण घेऊन त्यावरून वाटेची दिशा सांगणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाला गुंतवणुकीचा सल्ला विचारणं.

दुसरा निबंध अर्थशास्त्राचा. तात्सुओ तनाका यांनी २०११ मध्ये जपानच्या ‘रिएती’ या संशोधन संस्थेसाठी केलेला अभ्यास. टीव्हीवरच्या ॲनिमेचे १०५ भाग घेतले, आणि यूट्यूबवरचं अनधिकृत पाहणं व विन्नी या फाइल-शेअरिंग प्रोग्रॅमवरची देवाणघेवाण यांचा डीव्हीडीच्या विक्रीवर आणि भाड्यावर काय परिणाम होतो ते तपासलं. निष्कर्ष: यूट्यूबमुळे डीव्हीडीचं भाडं घटलं नाही, आणि विक्री उलट वाढलेली दिसते. विन्नीमुळे विक्रीवर परिणाम नाही, पण भाडं घटलं.

आता फिरणारी आवृत्ती आठवा: ‘पायरसीने विक्री वाढते.’ चारपैकी एक निकाल उचलला, तीन टाकून दिले. भाड्याची दुकानं हा जपानमध्ये मोठा धंदा होता, आणि त्याला विन्नीने धक्का लावला असं तोच निबंध सांगतो. हे वाचायला सारांशाच्या पुढे जायचीही गरज नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, विकली जाणारी वस्तू कुठली होती? जपानमध्ये ही मालिका प्रेक्षकाला टीव्हीवर आधीच फुकट दिसलेली असे. दोन-तीन भागांची डीव्हीडी काही हजार येनला घेणारा माणूस गोष्ट कळावी म्हणून घेत नसे. ती संग्रहातली वस्तू होती. अशा वस्तूसाठी यूट्यूबवरची धूसर क्लिप जाहिरातीचं काम करते, हे पटण्यासारखं आहे. तनाकांनीही तो परिणाम मुख्यतः टीव्हीवरचं प्रसारण संपल्यानंतर दिसतो असं नोंदवलंय. आजची विक्रीची वस्तू आहे महिन्याची वर्गणी, म्हणजे पाहण्याची सोय हीच वस्तू. फुकट साइट त्या वस्तूच्या जागीच बसते. म्हणून आज नुकसानच होतं, असं मी म्हणत नाही. तनाकांचं समीकरण आज जसंच्या तसं लावायला त्याच्या डाव्या बाजूचा चलच बाजारातून जवळजवळ निघून गेलाय, एवढंच म्हणते. मोजमापाचा निबंध उद्धृत करताना ‘किती’ यापेक्षा ‘कशाचं’ हे आधी लिहायची सवय लावून घ्या.

वर्गणीवाल्यांची बाजूही जरा तपासायला हवी, कारण ती नेहमी सुटते. ‘पैसे कलाकारांपर्यंत जातात’ या वाक्यात बरीच हवा आहे. बहुतांश ॲनिमे ‘निर्मिती समिती’च्या पद्धतीने बनतं: टीव्ही वाहिनी, प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणी बनवणारी कंपनी असे अनेक जण मिळून पैसा घालतात आणि हक्क त्यांच्याकडे राहतात. स्टुडिओने स्वतः गुंतवणूक केली नसेल तर त्याला ठरलेली रक्कम मिळते आणि विषय संपतो. चित्रं काढणारा तर त्याहून लांब. २०२० मध्ये जपानी ॲनिमेची परदेशातली बाजारपेठ देशांतर्गत बाजारपेठेच्या पुढे प्रथमच गेली, तरी खालच्या फळीतल्या चित्रकारांच्या तुटपुंज्या कमाईची तक्रार काही थांबलेली नाही. वर्गणी भरावी याला दुसरी चांगली कारणं आहेत, कायदा हे एक आणि पुढची मालिका इथे आणायला कुणी धजावेल हे दुसरं. पण हे कारण द्यायचं तर पैशाची वाट दाखवावी लागेल, आणि ती अजून फारशी कुणी नीट काढलेली नाही. इथे एक अख्खा प्रबंध पडून आहे.

आणि ‘कायदेशीर’ म्हणजे ‘कायम’ असंही नाही. फ्युनिमेशनने डीव्हीडी-ब्लू-रेबरोबर दिलेल्या डिजिटल प्रती कायम राहतील असा लोकांचा समज करून दिला होता. २ एप्रिल २०२४ ला ती सेवा बंद झाली तेव्हा त्या प्रती क्रंचीरोलवर गेल्या नाहीत. पैसे भरलेल्यांच्या हातात शून्य. ‘उपलब्ध आहे’ हे वाक्य कुठल्या देशात, कुठल्या भाषेत, कुठल्या तारखेला, याशिवाय अर्धवट आहे.

‘मॉन्स्टर’ घ्या. ७४ भाग, २००४-०५. ज्याला त्याला सुचवली जाते. अमेरिकेत व्हिझने २००९ मध्ये पहिल्या १५ भागांचा डीव्हीडी संच काढला, खपला नाही, पुढचे आलेच नाहीत. मग अमेरिकेतल्या माणसासाठी ही मालिका २०१० मध्ये उपलब्ध होती की नव्हती? जुन्या नियमाप्रमाणे परवाना मिळाला होता, म्हणजे फॅनसब थांबायला हवा. पण सोळावा भाग कुठून बघायचा? असे प्रसंग काढून लोकांसमोर ठेवले तर त्यांची नीती खरी कळते. ‘तुम्ही पायरसी योग्य मानता का?’ या प्रश्नावलीतल्या प्रश्नाने काहीच कळत नाही.

आता हे सगळं ज्यांना आपलं वाटत नाही अशांसाठी, म्हणजे डेटा सायन्सवाल्यांसाठी. शिफारस प्रणालीवरच्या प्रकल्पांत मायॲनिमेलिस्टवरून घेतलेला कॅगलवरचा एक डेटासेट सारखा भेटतो: ७३,५१६ वापरकर्ते, १२,२९४ ॲनिमे. २०१६ सालचा. गृहीत असं की गुण म्हणजे आवड. त्याच्या वरच्या फळीत ‘लीजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ बसलेली आहे, ९.११ गुण घेऊन. ही १९८८ ते १९९७ या काळातली ११० भागांची मालिका. तिची इंग्रजीतली अधिकृत आवृत्ती २०१७पर्यंत दिसायला लागलेली नव्हती. म्हणजे या डेटासेटमध्ये तिला गुण देणाऱ्या इंग्रजी प्रेक्षकांनी ती पाहिली ती बहुतेक फॅनसबमधूनच. शिवाय एवढी खटपट करून ११० भाग बघणारा माणूस आधीच अर्धा भक्त असतो, तो कमी गुण कशाला देईल? सहज मिळणाऱ्या मालिकेला मात्र वाट चुकून आलेलेही गुण देतात. दोन आकड्यांची तुलना करताना तुम्ही आवड मोजताय की अडथळा? डेटासेटमध्ये ‘कसं पाहिलं’ असा रकाना नाही. तो भरून द्यायला कुणी तयारही होणार नाही. निदान प्रकल्प अहवालाच्या मर्यादांमध्ये हे एक वाक्य लिहा, परीक्षक खूश होईल.

भारतापुरतं बोलायचं तर दोन ठिकाणं अभ्यासाला चांगली आहेत. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ इथे चित्रपटगृहात लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज चालवला, हजारोंनी सह्या केल्या, आणि त्या ऑक्टोबरमध्ये तो लागला. म्हणजे ‘मिळत नाही’ याला डाउनलोड हेच एक उत्तर नव्हतं. त्या सह्या करणाऱ्यांनी शिंकाई यांचे आधीचे चित्रपट कुठे पाहिले असतील, हा प्रश्न अर्थातच गमतीचा आहे, आणि लिओनार्डचं गायरान इथे पुन्हा डोकं वर काढतं. दुसरं म्हणजे २०२२ मध्ये क्रंचीरोलने भारतातली वर्गणी महिना ७९ रुपयांपर्यंत खाली आणली आणि हिंदी डबिंगवर भर दिला. किंमत आणि भाषा, दोन अडथळे जवळपास एकाच वेळी हलले. त्यानंतरही जो फुकट साइटवरच राहिला त्याचं कारण काय, हे त्याला विचारायला हवं. यादी अपुरी? पेमेंटसाठी कार्ड नाही? की फक्त सवय? शिवाय म्युझ एशियासारखे वितरक यूट्यूबवर भारतासाठी बऱ्याच मालिका अधिकृतपणे फुकट दाखवतात. ‘फुकट म्हणजे चोरीचं’ अशी विभागणी प्रश्नावलीत केलीत तर हे प्रेक्षक तुम्ही चुकीच्या खणात टाकाल.

मुलाखती घेणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा फौजदारी गुन्हा आहे. समोरचा मुलगा तुम्हाला हार्ड डिस्कमधलं फोल्डर उघडून दाखवेल, मोकळेपणाने बोलेल, कारण तुम्हीही ॲनिमे बघता हे त्याला कळलेलं असतं. त्याचं खरं नाव, टोपणनाव, तो चालवत असलेल्या गटाचं नाव, यातलं काहीही रेकॉर्डिंगमध्ये राहू देऊ नका. संमतीपत्रावर सही घ्यायची की तोंडी संमती पुरेल हे नैतिकता समितीला अर्जातच विचारून घ्या. आणि प्रबंधात चालू साइटची नावं टाकू नका. एक तर ती सहा महिन्यांत बदललेली असतात, आणि दुसरं म्हणजे विद्यापीठाच्या संग्रहात पत्त्यांची यादी ठेवण्याचं काम तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.